चेन दाते का सोडते, स्क्रीन काळी का राहते : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी आहे : दोष कुठे आहे ते कळण्याआधीच नवा भाग आणून बसवलेला आहे आणि त्रास मात्र तसाच आहे. म्हणून पुढच्या उत्तरांत खरेदीपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नऊ गिअरच्या सायकलची चेन बदलली. तेव्हापासून सिग्नलवरून निघताना जोर दिला की मागच्या दोन लहान चक्रांवर चेन खटकन उडते. जुन्या चेनला हा त्रास नव्हता. नवी चेन खराब निघाली का?

उत्तर : चेन चांगली आहे, झिजली आहे ती कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच. चेन वापराने लांबते ती धातू ताणला गेल्यामुळे नव्हे. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्या भोवतीची कड झिजते, तिथली फट वाढते आणि लगतच्या दोन पिनांमधलं अंतर वाढत जातं. नव्या चेनमध्ये ते अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. लांबलेली चेन दात्यांवर थोडी वर चढून बसते आणि दाते आपल्या मापाने कोरत जाते. जुनी चेन आणि जुने दाते असे एकत्र झिजले, म्हणून त्यांचं जमत होतं. नवी चेन मूळ मापाची असल्यामुळे त्या झिजलेल्या दात्यांत नीट बसत नाही, आणि जोर आला की वर सरकून पुढच्या दात्यावर पडते. लहान चक्रांवर हे आधी दिसतं. तिथे दाते कमी, त्यामुळे भार थोड्याच दात्यांवर येतो, आणि शहरात सपाट रस्त्यावर वापरही त्यांचाच जास्त.

तरी कॅसेट घेण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. चेन ठरावीक एक-दोन चक्रांवरच उडत असेल, तर दोष त्या दात्यांचा. कोणत्याही गिअरमध्ये, चेनच्या दर फेरीला एकदा असा ठरावीक अंतराने झटका बसत असेल, तर एखादी कडी आखडली आहे. पेडल हळूहळू उलटं फिरवा, मागच्या गिअरच्या छोट्या चाकांवरून जाताना ती कडी उडी मारताना दिसेल. नवी चेन जोडताना पिन जास्त दाबली गेली की हे हमखास होतं. कडी हाताने दोन्ही बाजूंना थोडी वाकवली की मोकळी होते. तिसरी शक्यता अशी की सगळ्याच गिअरमध्ये पेडल एकदम पुढे निसटतं, पण चेन दात्यावरून हलत नाही. तेव्हा दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतल्या खिट्ट्यांचा असतो आणि कॅसेट बदलून काहीही होणार नाही.

पुढच्या वेळी कॅसेट वाचवायची असेल तर चेन मोजत राहा. पोलादी पट्टी पुरते. चेन ताणलेली ठेवा, एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या (लगतच्या दोन पिनांमधला प्रत्येक भाग ही एक कडी) मोजा आणि तिथल्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. नवी असताना ते ३०४.८ मिमी असतं. दहा गिअरपर्यंतच्या चेनमध्ये ते ३०७ मिमी झालं, म्हणजे पाऊण टक्का वाढलं, की चेन बदलावी. अकरा-बारा गिअरच्या चेनसाठी मर्यादा अर्धा टक्का, म्हणजे ३०६.३ मिमी. त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही महाग पडते. म्हणून अशा सायकलींसाठी चेन मोजण्याचं वेगळं गेज घ्यावं असं आमचं मत आहे.

नवी चेन कापताना जुनीच्या शेजारी ठेवून लांबी जुळवू नका. जुनी लांबलेली आहे. शंभरावर कड्यांत ती वाढ जवळजवळ एका कडीएवढी भरू शकते. कड्या मोजून कापा.

आणि तेल. प्रत्येक रोलरवर, चेनच्या आतल्या बाजूने, एक थेंब. पेडल उलटं फिरवत सगळ्या कड्या पूर्ण करा, तासाभराने कोरड्या फडक्याने बाहेरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तोच लगदा पिना घासतो. गंज सोडवणारा फवारा हे वंगण नाही. तो आतलं वंगण पातळ करून बाहेर काढतो आणि काही दिवसांत चेन कोरडी पडून कुरकुरू लागते.

प्रश्न : एकाच चाकाला पुन्हा पुन्हा पंक्चर होतं. ट्यूब नवी घातली, तरी तेच.

उत्तर : ट्यूब काढण्याआधी टायर आणि ट्यूब यांचं नातं ठरवून ठेवा. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असंच टायर बसवत चला. मग ट्यूबवरचं छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं, की टायरवर नेमकी तीच जागा सापडते.

छिद्राची जागाच कारण सांगते. रस्त्याच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल, तर टायरमध्ये काहीतरी अजून रुतलेलं आहे. बहुधा तारेचा केसाएवढा तुकडा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे चिमट्याने ओढा. बोट फिरवू नका, काच असेल तर कापेल. शेजारी-शेजारी दोन आडव्या चिरा दिसल्या, तर हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्याची कड आणि रिमच्या दोन कडा यांच्यात चिमटली. छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या आऱ्याचं टोक वर आलं आहे. अशा चाकात दहा ट्यूब घातल्या तरी दहाही जातील. पट्टी बदला, ती आऱ्यांची भोकं पूर्ण झाकेल इतकी रुंद हवी, पण टायरची कड बसते तिथे चढता कामा नये. चीर व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल, तर कमी हवेवर चालवल्यामुळे टायर आणि ट्यूब रिमवर सरकत राहिले असतील, किंवा व्हॉल्व्हची चकती पान्ह्याने आवळली असेल. ती बोटानेच, टेकेल इतपत लावायची असते.

पॅच टिकत नसेल तर कारण जवळजवळ नेहमी घाई हेच असतं. जागा पॅचपेक्षा मोठी घासा, ट्यूबवरची जोडाची उभी रेघ आड येत असेल तर ती सपाट होईपर्यंत घासा. सोल्यूशनचा पातळ थर पसरा आणि चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी कडेने सुटतो.

हवेचा अंदाज : स्वाराचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ मिमी टायरला ६५ ते ७५ पीएसआय, ३५ मिमीला ४५ ते ५५. मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा पाच जास्त. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा मात्र अंतिम. वाटेत कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरने हवा भरली असेल, तर घरी पोचल्यावर ती सोडून पंपाने साधी हवा भरा. तो वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा खूप लवकर निघून जातो.

प्रश्न : रिम ब्रेक लावताना कर्कश आवाज येतो. तेल घालू का?

उत्तर : अजिबात नको. रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर तेल गेलं तर ब्रेक लागणारच नाहीत. रिम स्पिरिटने पुसा, रबरात रुतलेले धातूचे कण सुईने काढा, वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासा. तरी आवाज आला, तर रबर किंचित तिरकं बसवा : चाक ज्या दिशेला फिरतं तिकडचं, म्हणजे पुढचं टोक आधी टेकावं आणि मागच्या टोकाला साधारण एक मिलिमीटर फट राहावी. मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवून ब्रेक दाबून धरा आणि नट आवळा.

प्रश्न : पहिल्यांदाच सुटे भाग आणून संगणक जोडला. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच नाही. मदरबोर्ड परत करू का?

उत्तर : अजून नको. पंखे फिरतात यावरून एवढंच कळतं की १२ व्होल्टचा पुरवठा सुरू झाला. प्रोसेसर जागा झाला की नाही, ते त्यातून कळत नाही. खालच्या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डातच लावायची, मदरबोर्डच्या मागच्या जागेत नव्हे. कार्ड नसेल तर तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यांच्यात ते नसतं. रायझन ५००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नावात जी असेल तरच ते असतं.

मग वीज. चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणीखेरीज प्रोसेसरला स्वतःची आठ पिनांची जोडणी लागते; तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या मागे लपलेली असते. नव्याने जोडणाऱ्यांकडून सर्वांत जास्त राहते ती हीच. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असली, तरी तिच्या पिनांचे आकार आणि विजेची मांडणी वेगळी आहे. ती दाबून बसवू नका. याहून महत्त्वाचं : सुट्या केबलींचा पॉवर सप्लाय असेल, तर एकाच्या केबली दुसऱ्याला कधीही लावू नका. पॉवर सप्लायकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक मॉडेलमध्ये एकसारखी नसते, आणि अशा अदलाबदलीत डिस्क एका क्षणात जळते.

तिसरी रॅम. दोन पट्ट्या असतील आणि जागा चार असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवायच्या. पट्टी दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत दाबा. वाटतो त्यापेक्षा बराच जोर लागतो. एकच पट्टी ठेवून पाहा, मग दुसरी. डीडीआर५ रॅम असेल तर एक सावधानता आणखी : पहिल्या वेळी बोर्ड रॅमच्या वेळा स्वतः जुळवून घेतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. दर मिनिटाला बंद-चालू करत राहिलात, तर ते काम दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. यांतला जो दिवा लागून राहील, तिथे काम अडलं आहे. प्रोसेसरचा दिवा लागून असेल आणि बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुन्या पिढीच्या काळातला असेल, तर बायोस, म्हणजे बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम, नवा करावा लागेल. बोर्डाच्या मागे त्यासाठीचं बटण असेल तर प्रोसेसर न ओळखताही ते काम होतं : फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या नावाने फाइल ठेवून.

एवढं करून उपयोग झाला नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकचकीत पिशवीतून तो आला तिच्यावर ठेवू नका. तिचा पृष्ठभाग वीजवाहक असू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, आणि लागत असेल तर कार्ड, बस्स. पॉवर बटणाच्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडल्या की सुरू होईल. बाहेर चाललं आणि आत चालत नसेल, तर कॅबिनेटमधल्या पितळी खुंट्या तपासा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादी खुंटी राहिली असेल, तर ती मागच्या डाखांना टेकून शॉर्ट करते. बाहेरही चाललं नाही, तर प्रोसेसर उचलून सॉकेटच्या पिना भिंगातून पाहा. वाकलेली पिन परतीच्या अर्जात नाकारली जाते, म्हणून पाहिल्याबरोबर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : चाकाला चुंबक, फोर्कला रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा) आणि रास्पबेरी पाय पिको हा छोटा नियंत्रक बोर्ड असा वेगमापक केला आहे. सपाट रस्त्यावर ठीक चालतो, पण खडबडीत जागी वेग एकदम ताशी ९०-१०० किमी दाखवतो.

उत्तर : रीड स्विचच्या आतल्या दोन पात्या मिटताना क्षणभर थरथरतात आणि एका फेरीचे दोन-तीन ठोके मोजले जातात. हादऱ्यात हे वाढतं. आधी हिशेब करू. ७०० गुणिले २८ टायरचा परीघ साधारण २१३६ मिमी. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर, एका फेरीला सुमारे २५६ मिलिसेकंद लागतात. ताशी ६० ला त्याच्या निम्मे, १२८. म्हणून मागच्या ठोक्यानंतर ५० मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका सरळ टाकून द्या. त्या अंतराचा वेग ताशी १५४ किमी होतो, तो खरा असणं शक्य नाही.

प्रोग्रॅममधल्या या गाळणीबरोबर जोडणीही सुधारा. पिकोचा आतला पुल-अप रोध (स्विच उघडा असताना पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारा) ५० किलोओहमच्या आसपास किंवा जास्त असतो. हँडलपर्यंत लांब गेलेल्या तारेसाठी तो दुबळा आहे. बाहेरून १० किलोओहमचा रोध ३.३ व्होल्टला जोडा आणि पिन व ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. पिनेला ५ व्होल्ट देऊ नका. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. चुंबक आणि स्विच यांच्यात ३ ते ५ मिमी अंतर ठेवा. दूर असेल तर ठोके गळतात.

वेग काढताना एका सेकंदातले ठोके मोजायची पद्धत सोडा. ताशी ३० ला सेकंदाला चारच्या आसपास ठोके येतात, त्यामुळे आकडा एका ठोक्यासरशी सात-आठ किमीच्या उड्या मारतो. दोन ठोक्यांमधला वेळ मोजा आणि परिघाला त्याने भागा. तीन सेकंद ठोका आला नाही तर वेग शून्य दाखवा, नाहीतर थांबल्यावर शेवटचा आकडा तसाच अडकून राहतो.

परीघ कोष्टकातून घेण्यापेक्षा मोजा. नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून सरळ रेषेत तीन फेऱ्या पुढे जा, पुन्हा खूण करा, अंतराला तीनने भागा. न बसता मोजलं तर आकडा थोडा जास्त येतो, कारण वजनाने टायर दबतो.

प्रश्न : हब डायनॅमोवर फोन चार्ज करायचा आहे. थेट यूएसबी जोडली तर?

उत्तर : फोन जाईल. हब डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा म्हटला जातो, पण तो आकडा दिव्याचा भार असतानाचा आहे. त्यातून येणारी वीज एसी असते, तिचा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास थांबतो, आणि भार नसेल तर व्होल्टेज वेगाबरोबर कित्येक पटींनी चढतं. मधे चार शॉटकी डायोडांचा ब्रिज, मोठा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर लागतो. कपॅसिटर आणि कन्व्हर्टर दोन्ही, उतारावरच्या चढ्या व्होल्टेजला पुरतील असे घ्या किंवा झेनर डायोडने व्होल्टेज अडवा.

तरी एक अडचण राहते. सिग्नलला थांबलात की पुरवठा तुटतो, निघालात की जुळतो, आणि फोन दर वेळी स्क्रीन उजळून स्वतःचीच बॅटरी खातो. म्हणून मधे छोटी पॉवर बँक ठेवा आणि फोन तिच्यावर लावा. अपेक्षाही मोजून ठेवा : ४००० एमएएच बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. चांगल्या वेगात हाती अडीच वॅट येतात. घट धरता तासाभराच्या प्रवासात बारा-तेरा टक्के. दिवा लावलेला असेल तर तेवढंही नाही. रात्री दिव्यालाच वीज द्या.

प्रश्न : जोडलेला संगणक सायकलच्या कॅरिअरवरून न्यायचा आहे. रस्ता खराब आहे. काय काढावं?

उत्तर : ग्राफिक्स कार्ड नक्की. एक-दीड किलोचं कार्ड एका खाचेवर आणि दोन स्क्रूंवर लटकलेलं असतं. सततच्या हादऱ्याने खाच बोर्डावरून उखडते. ते स्थिरविद्युतरोधक पिशवीत घालून पाठीवरच्या बॅगेत न्या. काचेचं दारही काढा. टेम्पर्ड काच मधोमध मजबूत असते पण कोपऱ्यावर टिचकी बसली तरी चुरा होते. जुनी फिरती डिस्क असेल तर काढून वेगळी गुंडाळा. एसएसडी तशीच राहू द्या.

कॅबिनेट आडवं, बोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं ठेवा. उंच कूलर उभ्या कॅबिनेटमध्ये बोर्डावर आडवा लटकतो. आडवं केलं की त्याचं वजन सरळ सॉकेटवर येतं. खाली चार-पाच सेंटिमीटर टणक फोम. मऊ फोम खड्ड्यात पूर्ण दबतो आणि झटका थेट आत जातो. कॅरिअरवर कोरलेली वजनाची मर्यादा पाहा, नुसत्या रबरी दोऱ्यांवर भरवसा ठेवू नका, बकलच्या पट्ट्या उभ्या-आडव्या दोन्ही बांधा. मागच्या चाकात पाच पीएसआय जास्त भरा. पोचल्यावर सुरू करण्याआधी रॅम, केबली आणि कूलरचे स्क्रू हाताने तपासा. थंडीतून उबदार खोलीत आणला असेल तर तासभर तसाच ठेवा, आतलं दव सुकू द्या.

प्रश्न : सायकलफेऱ्यांच्या नोंदी साठवायला जुना संगणक चोवीस तास चालू ठेवू का?

उत्तर : जुना डेस्कटॉप काही न करताही ३० वॅट घेत असेल, तर वर्षाला २६३ युनिट होतात. एवढ्याशा कामाला ते फार आहे. नेटवर्कवरून जागा करता येईल असा झोपवून ठेवा, किंवा आठवड्यातून एकदा चालू करून नोंदी उतरवा. सायकलवरच्या यंत्राने दिलेली मूळ फिट (.fit) फाइलच जपा. जीपीएक्स या दुसऱ्या प्रकारात बदलताना हृदयगती आणि पेडलगती मूळ रचनेत नव्हे, जादा जोडलेल्या भागातच राहतात, आणि काही प्रोग्रॅम त्या गाळून टाकतात. दोन डिस्का एकमेकींची प्रत ठेवत असतील तरी त्याला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. तिसरी प्रत दुसऱ्या जागी हवी.

प्रश्न : गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. सीट वर करू की खाली?

उत्तर : बहुधा वर. सीट खाली असली की वाटीवर भार वाढतो. फार वर असली तर गुडघ्याच्या मागे दुखतं. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यांत खाली आणा. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला झुकू नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला, दोन-तीन दिवस चालवून पाहा आणि सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण ठेवा. सूज असेल किंवा सायकल न चालवताही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : संगणक मुख्य स्विचवरून बंद केला की घड्याळ मागे पडतं आणि बायोसमधल्या सेटिंग जातात.

उत्तर : बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. नवा असताना तो ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. केबल काढा, सेटिंगचे फोटो आधीच घेतलेले असू द्या, अधिक खूण असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. त्यानंतर रॅमचा वेग तपासा : सेटिंग गेल्यावर रॅम जास्त वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय बंद होते आणि रॅम मूळच्या कमी वेगाने चालू लागते.